पोलिश कवितेतलं शरीर म्हणजे फक्त जखम का?

पानगळ : युद्धानंतरच्या पोलिश कवितेत शरीराचा विषय निघाला की सगळे रुझेविच आणि शिंबोर्स्का या कवींकडे वळतात. माझ्या मते शरीराची खरी कवयित्री आना श्विर्श्चिन्स्का. नाझींविरुद्धच्या १९४४च्या वॉर्सा उठावात ती जखमींची शुश्रूषा करत होती. त्या दिवसांवरच्या कवितांचं पुस्तक यायला १९७४ उजाडलं, पण तिचं शरीर तिथेच अडकून राहिलं नाही. तिच्या एका कवितेत साठीची बाई आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या प्रेमात पडते आणि मुलं तिला म्हातारी वेडी म्हणतात. असं जिवंत शरीर मला इतर कुठे भेटलं नाही.

नदीकाठ : अजिबात पटलं नाही. रुझेविचची आउशविट्झ या नाझी छळछावणीवरची ‘वेणी’ ही कविता वाचा. बायकांचे भादरलेले केस कामगार खराट्याने गोळा करतात. पुढे काचेमागच्या त्या ढिगात रिबिन बांधलेली एक छोटी वेणी दिसते, शाळेत द्वाड पोरं ओढायची तशी. या देशाच्या कवितेत शरीर तिथूनच सुरू होतं. त्याला वळसा घालून प्रेमाकडे जाणं मला पळवाट वाटते.

पानगळ : पळवाट कशी? जिने प्रेतं पाहिली, तीच सुखाबद्दल बोलते आहे.

मधली_सुट्टी : कवयित्री हालिना पोश्व्यातोव्स्काला विसरू नका. लहानपणापासून हृदयविकार, १९५८ला अमेरिकेत शस्त्रक्रिया, १९६७ला दुसरीनंतर मृत्यू, वय अवघं ३२. तरी कवितांत केवढी आसक्ती! पण तिला नेहमी आजारी मुलगी म्हणूनच वाचतात, याचा मला राग येतो.

नदीकाठ : ते मान्य. पण श्विर्श्चिन्स्काबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. ती शरीराला जनावर म्हणते, त्याला शिस्त लावायला बघते. म्हणजे मालकीण आत वेगळी बसलेलीच. शिंबोर्स्काच्या ‘छळ’ या कवितेत आत्मा भटकतो, येतो-जातो, शरीर मात्र आहे, आहे आणि आहे, त्याला जायला जागाच नाही. मला हे जास्त खरं वाटतं.

पानगळ : मालकीण असेल, पण मग बापाचा सदरा धुण्यावरची श्विर्श्चिन्स्काची कविता कुठे बसवाल? बाप चित्रकार, नुकताच गेलेला. सदऱ्याला त्याच्या घामाचा वास आहे आणि तो धुताना ती तो वास कायमचा पुसते आहे. मागे उरतात ती चित्रं, त्यांना तैलरंगांचा वास. इथे आत्मा मध्ये येतच नाही. बापाचं असणं म्हणजे तो घाम, एवढंच ती म्हणते.