६ वर्षांच्या मुलीला दोरीचा मल्लखांब लावावा का?

लेक पहिलीत आहे, आम्ही कोथरूडला. स्केटिंग लावलं होतं, दोन महिन्यांत कंटाळली, बॅडमिंटनचे सर म्हणाले अजून रॅकेट पेलत नाही, ८ वर्षांची झाली की आणा. घरी मात्र दिवसभर खिडकीच्या ग्रिलला लटकलेली असते (माकड नुसतं!) म्हणून दोरीचा मल्लखांब डोक्यात आलाय. स्विमिंग सुचवू नका प्लीज, कान सारखा दुखतो तिचा. आम्ही दोघंही नोकरीवाले त्यामुळे संध्याकाळी ६ नंतरचीच बॅच, आठवड्यातून ३ दिवस जमेल, स्पर्धा-मेडलचं काही नाही. ज्यांच्या मुली दोरीवर जातात त्यांनी सांगा, अंगठा नि शेजारच्या बोटात दोरी पकडून पाय सोलवटतात ते किती दिवस चालतं, आणि याच वयात सुरू करावं की आधी वर्षभर जिम्नॅस्टिक्स?