मदत हवी आहे : बाळाचे कॅल्शियम कमी, आईचीही तपासणी करावी का?

इंदूरला राहणाऱ्या माझ्या भावाचे बाळ पूर्ण दिवसांचे असून फक्त अंगावर पिते. तिसऱ्या आठवड्यात त्याला झटके आले, तेव्हा रक्तातील कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दोन्ही फार कमी आढळले. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर झटके थांबले. आता डॉक्टरांनी लिहिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब नियमित चालू आहेत. (दुकानात ४०० आणि ८०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही बाटल्या मिळतात, म्हणून लेबल आणि ड्रॉपरवरची खूण आम्ही दर वेळी ताडून पाहतो.) नवजात बाळाजवळचा ‘ड’ जीवनसत्त्वाचा साठा गरोदरपणी आईकडूनच आलेला असतो, तरीही वहिनींची तपासणी अद्याप कोणी सुचवलेली नाही. औषधात आम्ही स्वतःहून बदल करणार नाही. मात्र पुढच्या भेटीत वहिनींचे ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक (रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण सांभाळणारे) तपासण्याचा आग्रह आम्ही धरावा का, आणि त्या निकालांमुळे बाळाच्या उपचारांत काही फरक पडतो का?