‘मी हरले’ असं आजीला कुणी सांगितलं?

रविवार, दुपारी १२:४१

ताई: नमस्कार सगळ्यांना. आत्ता उठून फोन बघतेय. मी हरले असं आजीला कुणी सांगितलं? आत्याचे मिस्ड कॉल वर मिस्ड कॉल. अहो, मी सेमीफायनल जिंकले. आज फायनल आहे.

आत्या: मी आपण होऊन नाही सांगितलं गं. रात्री ग्रुपवर दादाचा मेसेज पडला, "पोर हरली, हरकत नाही, खेळात चालायचंच." आई शेजारीच होती. दुधाचा पेला तसाच ठेवला आणि जाऊन पडली.

मोठे काका: मी डोळ्यांनी पाहिलं. बॉलचे दोन टप्पे पडले. ही जागची हललीसुद्धा नाही. दोन टप्पे पडले की पॉइंट गेला. साधा नियम आहे.

ताई: काका, तोच पॉइंट मी जिंकला. मॅच पॉइंट होता तो!

मोठे काका: टाळ्या समोरच्यासाठी होत्या. तो हसून तुझ्याकडे आला हात मिळवायला.

ताई: हरल्यावरही हसून हात मिळवतात काका.

बंटी: माझ्या बाबांनी त्याच क्षणी टीव्ही बंद केला. मी थांबा म्हणत होतो 😄

मोठे काका: बंटी, तू त्या वेळी बाल्कनीत फोनवर होतास.

ठाण्याचे काका: 🌹 शुभ रविवार 🌹 गणपतीचं यंदा कुणाकडे ठरलं? गुरुजींना कळवायचं आहे.

ताई: गणपतीचं बोलू, आधी हे. नीट सांगते. आत्या, आजीला वाचून दाखव. हे रिअल टेनिस, विम्बल्डनवालं टेनिस नाही. त्या टेनिसचं पेटंट १८७४ चं. आमचा खेळ त्याच्या आधी कित्येक शतकं चाललाय, चार भिंतींच्या आत. इथे दुसरा टप्पा जमिनीवर पडला की बहुतेक वेळा पॉइंट लगेच कुणालाच मिळत नाही. मार्कर, म्हणजे अंपायर समजा, तो टप्पा मागच्या भिंतीपासून किती यार्डांवर पडला ते बघतो आणि मोठ्याने सांगतो. याला चेस म्हणतात. पॉइंट तेवढ्यापुरता राखून ठेवायचा. मग दोघं बाजू बदलतात आणि ज्याच्याकडून बॉल सुटला त्याने आपला दुसरा टप्पा त्याहून आत, भिंतीच्या आणखी जवळ पाडून दाखवायचा. पाडला तर पॉइंट त्याचा, नाही तर समोरच्याचा.

ताई: काल तिसऱ्या सेटला ५-५ होतं. आमच्यात टायब्रेक नाही. ५-५ झालं की एकच गेम, तो घेईल त्याचा सेट. मी ४०-३० ने पुढे, आणि दोन यार्डांची चेस माझ्या बाजूने लागलेली. बाजू बदलली. त्याने मारलेला बॉल कोपऱ्याकडे आला, पण उंच आला. दुसरा टप्पा तीन यार्डांच्या पलीकडे जाणार हे मला पहिल्या टप्प्यालाच दिसलं. म्हणून रॅकेट आवरली. हात घातला असता आणि जाळीत गेला असता तर ४०-४०. बॉल सोडायचा की घ्यायचा हे ठरवायला पापणी लवेपर्यंतचा वेळ असतो. काल मी ते बरोबर ठरवलं, याचा मला जिंकण्यापेक्षा जास्त आनंद झालाय. म्हणून लागलं मनाला.

वहिनी: 👏👏 ताई, अभिनंदन! आता कळलं.

आई: आजीला लगेच फोन कर आधी.

मोठे काका: नियम वेगळे असतील. पण दोन टप्पे पडले हे तर तूही मान्य करतेस.

बंटी: न उचललेल्या बॉलला पॉइंट मिळतो म्हणजे हा माझा खेळ आहे.

मोठे काका: आणि स्क्रीनवर त्या माणसाला वजा पंधरा दाखवत होते. दंड केला होता का?

ताई: दंड नाही, हँडिकॅप. तो माझ्यापेक्षा खूप चांगला खेळतो, म्हणून प्रत्येक गेम वजा पंधरावरून सुरू करायचा. त्यामुळे सत्तरीचे आजोबा आणि कॉलेजची मुलगी एका स्पर्धेत मनापासून भांडू शकतात. बायका-पुरुष वेगळे काढायची गरज पडत नाही.

आत्या: दादा, पुढच्या वेळी काही लिहायच्या आधी मला फोन कर. आई माझ्याकडे आहे. रात्रीचं तिला काय सांगायचं, काय नाही, हे मला निस्तरावं लागतं.

मोठे काका: आई सर्वांची आहे. मी ग्रुपवर लिहिलं, आईला नाही लिहिलं.

आत्या: सर्वांची आहे तर महिनाभर घेऊन जा ना. मी कधी नाही म्हटलंय?

काकू: वन्सं, हे इथे नको. मी फोन करते तुम्हाला.

ठाण्याचे काका: गणपतीचं यंदा कुणाकडे? कृपया सर्वांनी लक्ष द्यावे 🙏

बाबा: आपण लंडनला हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात गेलो होतो, जाळीमागे बसून बघितलं, तेच ना हे?

ताई: हो बाबा, तेच. तिथलं आत्ताचं कोर्ट पहिल्या चार्ल्सच्या काळातलं, १६२० च्या दशकातलं. त्याच्या आधी आठवा हेन्री त्याच राजवाड्यात खेळायचा. आपल्या वाड्याच्या पडवीचं असतं ना, तसं उतरतं छप्पर तीन बाजूंनी असतं. सर्व्हिस त्या छपरावरून घरंगळत पलीकडे पडायला लागते.

बाबा: आणि जाळी मधेच लोंबलेली. मला वाटलं बांधायला विसरले.

ताई: ती तशीच असते. कडेला पाच फूट, मधे तीन.

काकू: अगं, फ्रेंच राज्यक्रांतीत टेनिस कोर्टवरची शपथ शिकवायचे मी. मुलं विचारायची, बाई, टेनिसच्या मैदानावर सभा कशी भरली?

ताई: काकू, तेच हे कोर्ट! मैदान नाही, उंच भिंतींचं बंद दालन. २० जून १७८९, व्हर्साय. सभागृहाला कुलूप दिसलं म्हणून लोकप्रतिनिधी जवळच्या कोर्टात गेले. ती इमारत अजून आहे.

काकू: एवढी वर्षं शिकवलं, पण डोळ्यांसमोर हिरवळच यायची. छान सांगितलंस.

मोठे काका: इतिहास ठीक. पण ऑलिम्पिकमध्ये नाही, कुठल्या चॅनेलवर नाही. आपल्या पुण्यात इंग्रज बॅडमिंटन खेळायचे, त्याला 'पूना' म्हणायचे. ते आज जगभर आहे. हे का नाही?

ताई: ऑलिम्पिकमध्ये होता काका, १९०८ ला लंडनला. अमेरिकेच्या जे गूल्डने सुवर्ण घेतलं. पण बॅडमिंटनला दोन खांब आणि जाळी पुरते. इथे छप्पर, गॅलऱ्या, भिंतीतून पुढे आलेला तिरपा खांब, सगळं बांधावं लागतं. म्हणून जगात जेमतेम पन्नासच्या आसपास कोर्टं आहेत. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. संपलं.

बंटी: म्हणजे वर्ल्ड चॅम्पियन व्हायचा चान्स आहे.

ताई: चेष्टा नको रे. होबार्टचा रॉब फाही १९९४ पासून २०१६ पर्यंत सलग जगज्जेता होता, आणि २०१८ ला वयाच्या पन्नाशीत पुन्हा झाला. अजिंक्यपदाची लढत तेरा सेटची असते, एका दिवसात संपत नाही. बायकांमध्ये क्लेअर फाही २०११ ला जगज्जेती झाली आणि वर्षानुवर्षं तिला कुणी हलवू शकलं नाही. तिची मॅच एकदा बघ, मग बोल.

बंटी: सॉरी ताई. लिंक टाक.

आई: तू परवा म्हणालीस की आज मॅचनंतर मीटिंग आहे. तिथे भांडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

ताई: आई, भांडत नाही, पण बोलणार. बाकीच्यांना माहीत नाही म्हणून सांगते. आमचे मुख्य प्रो, म्हणजे क्लबचे पगारी प्रशिक्षक, निवृत्त होतायत. कमिटी म्हणते त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस नको, परवडत नाही. मार्करचं काम सभासदांनी आळीपाळीने करावं आणि वाचलेले पैसे बाहेर पॅडेलची (तो काचेच्या भिंतींतला रॅकेटचा खेळ) कोर्टं बांधायला वापरावेत. पॅडेलला गर्दी आहे, माझा विरोध नाही. पण या माणसाच्या हातावर सगळा क्लब चालतो. आमचे बॉल दुकानातून येत नाहीत. ते शिवतात.

आई: शिवतात? हाताने?

ताई: हाताने. आत कॉर्कचा गोळा. त्यावर कापडाची पट्टी ओढून ओढून गुंडाळायची, ठोकून गोल करायचा, सुतळीने आवळायचा, मग वरून फेल्टचं कव्हर सुईने शिवायचं. आत हवा नसतेच. वजन सत्तर ग्रॅमच्या वर, साध्या टेनिसच्या बॉलपेक्षा चांगलाच जड. भिंतींवर आपटून फेल्ट झिजलं की उसवून पुन्हा नवं. मॅचला टोपलीभर लागतात आणि सगळे सारखे उसळले पाहिजेत. आमचे प्रो कोर्टाशेजारच्या खोलीत बसून शिवता शिवता कान कोर्टाकडे ठेवतात. भिंतीवरच्या आवाजावरून सांगतात, तो बॉल सैल झालाय, बाजूला काढा. हे आळीपाळीने कोण करणार?

आत्या: टाका कुठला घालतात? धागा वर राहिला तर लगेच तुटेल गं.

ताई: नाव नाही माहीत आत्या. धागा फेल्टमध्ये पुरलेला असतो, वरून हात फिरवला तर लागत नाही.

आत्या: लपवलेला टाका. फोटो पाठव.

आई: जवळून काढ, उजेडात.

मोठे काका: माझं मत विचाराल तर तू यात पडू नये. परका देश, त्यांचा क्लब, त्यांचे पैसे. आपण खेळावं आणि घरी यावं.

ताई: वर्गणी मीही भरते काका. हा खेळ मला त्याच माणसाने शिकवला. पहिल्या दिवशी कोर्टावर मी एकटीच तपकिरी होते, बुजले होते. त्यांनी माझ्या हातात लाकडी वाकडी रॅकेट दिली आणि तासभर फक्त छपरावरून येणारा बॉल बघायला लावलं. मारू दिलंच नाही. आज गप्प बसले तर मला माझं तोंड बघवणार नाही.

बाबा: बोल. शांतपणे बोल, पण बोल.

मोठे काका: बोलायचं तर आकडे घेऊन जा. भावनेवर कमिट्या हलत नाहीत. आमच्या सोसायटीत वॉचमन कमी केला तेव्हा मी एकटा उठलो होतो. हिशोब मांडला म्हणून ऐकलं.

ताई: आणलेत काका. धडे किती होतात, नवे सभासद कुणामुळे आले, सगळं लिहून काढलंय.

मोठे काका: मग ठीक.

ठाण्याचे काका: गणपतीचं कुणीच उत्तर देत नाही. मग मी धरून चालतो आमच्याकडे. नंतर कुणी बोलायचं नाही.

आत्या: गेल्या वर्षीही असंच धरून चाललात.

रात्री ८:३४

ताई: लिंक वर टाकलीय. माझा फोन बंद. काका, संपेपर्यंत निकाल नको प्लीज 🙏

मोठे काका: मी काही लिहिणार नाही. फक्त बघतोय.

वहिनी: घंटा वाजली! काय झालं?

काकू: त्या घंटेच्या गॅलरीत बॉल गेला की पॉइंट थेट, असं मी वाचलं आत्ता. ती विनिंग गॅलरी. ताईने मारला!

बंटी: आजी विचारतेय आरती कुणाकडे चाललीय 😄

आत्या: आई चष्मा लावून बसलीय. आज जेवणही टीव्हीसमोर.

मोठे काका: हे बघा, दोन टप्पे.

काकू: अहो, चेस आहे ती. यार्ड ऐका.

मोठे काका: मी फक्त सांगितलं. टप्पे दोनच पडले.

वहिनी: समोरच्या बाईंनी कोपऱ्यातल्या चौकोनी खिडकीत मारला. सगळे उठून टाळ्या वाजवतायत.

बाबा: कुणी निकाल लिहू नका. ती स्वतः लिहील.

रात्री ११:५२

ताई: हरले. ६-४, ३-६, ५-६. शेवटच्या गेमला चेस अर्ध्या यार्डाची होती, ती तोडायला मी फार जोर लावला आणि बॉल मागच्या भिंतीवरून उसळून बाहेर आला. त्या फार छान खेळल्या. आजीशी बोलले, ती म्हणाली घंटेवर दोनदा मारलास ते मी पाहिलं.

आत्या: दूध पिऊन झोपली. काळजी नको.

मोठे काका: मीटिंगचं काय झालं?

ताई: बोलले. एकाने म्हटलंच, हे सगळं भावनिक आहे. मग मी कागद वाटला. गेल्या दोन हंगामांत आलेल्या नव्या सभासदांपैकी बहुतेक सगळे प्रोंच्या धड्यांतून आलेत, ते नावांसकट. त्यावर खजिनदार गप्प झाले. ठराव मागे नाही घेतला, पण मतदान पुढच्या बैठकीवर टाकलं. तोवर प्रो थांबायला तयार आहेत आणि दर मंगळवारी संध्याकाळी सभासदांना बॉल शिवायला शिकवणार आहेत. यादीत पहिलं नाव माझं.

मोठे काका: पुढच्या बैठकीआधी खर्चाचा तक्ता मला पाठव. मी बघून देतो. पॅडेलच्या बांधकामाचा अंदाज कुणी दिला, तेही विचार.

ताई: उद्याच पाठवते काका.

आई: मंगळवारी बसण्याआधी व्हिडिओ कॉल कर. अंगठ्याला टोपण घालून सुई कशी दाबायची ते दाखवते, नाही तर जाड कापडात बोटं सोलून घेशील. फेल्टचा तुकडा आहे का घरी?

ताई: एक जुना उसवलेला बॉल मागून आणलाय. तोच समोर ठेवते.

आत्या: मलाही कॉलवर घ्या.