मदत हवी आहे: चौघांच्या चार आवडी, तीन रात्री आणि गाडी चालवणारं कुणी नाही

मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. सप्टेंबरात नाशिकहून ताई आणि भाऊजी महिनाभर येतायत. लंडन त्यांचं मागच्या खेपेला झालंय. तीन रात्री चौघांनी मिळून कुठेतरी जाऊन यावं असं ठरलं, आणि तिथेच घोडं अडलंय.

मला जुनी दगडी शहरं आवडतात, गरम पाण्यात डुंबायला मिळालं तर उत्तमच, आणि कॉफी घेऊन तासभर नुसतं बसायचं. नवरा रेल्वेवेडा. पूल, बोगदा, बंद पडलेलं स्टेशन, काहीही चालतं. फक्त त्याबद्दल ऐकून घ्यायला कुणीतरी लागतं. ताईला बागा आणि चिनी मातीची भांडी, पण गुडघ्यांमुळे चढ आणि जिने नकोत. भाऊजींना क्रिकेट. बाकी जगाबद्दल त्यांचं मत "बघितलं, चला" इतकंच.

मागच्या वेळी व्ही अँड ए म्युझियमच्या वरच्या मजल्यावर ताई त्या छतापर्यंत भरलेल्या कपाटांपुढे हरखून उभी होती, आणि भाऊजी बाकावरून दर पाच मिनिटांनी विचारत होते, "अजून किती कपबश्या राहिल्यात गं?" शेवटी ताईच कंटाळून निघाली. तिने नंतर तो विषयही काढला नाही, पण मला ते लागून राहिलंय.

म्हणून या वेळी माझा विचार वेगळा आहे. चौघांनी दिवसभर एकमेकांना धरून फिरायचंच नाही. मुक्काम एका जागी ठेवायचा, तिथून रेल्वेने जवळच्या जवळ जाता आलं पाहिजे, दिवसा ज्याला जे हवं ते त्याने बघावं आणि रात्री जेवायला सगळे एकत्र. असं कुणी केलंय का? मुक्काम कुठे करावा? डोक्यात यॉर्क, बाथ आणि नॉर्थ वेल्स आहे. आणि दोघांच्या नावाचं ते टू टुगेदर रेलकार्ड, रेल्वे तिकिटावर सूट देणारं, काढावं का? ताई अंडंही खात नाही, भाऊजी मासे खातात.

आगाऊ धन्यवाद.

हातमागवाला

यॉर्क! डोळे झाकून. नॅशनल रेल्वे म्युझियमला तिकीट नाही आणि तुमच्या मिस्टरांचा अख्खा दिवस तिथे जाईल. मॅलार्ड हे इंजिन तिथेच आहे. १९३८ साली ताशी १२६ मैल. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजवर मोडलेला नाही. तुम्हाला मिन्स्टर हे भलंमोठं चर्च, त्याची रंगीत काचेची पूर्वेकडची खिडकी पंधराव्या शतकातली. बाकी गल्लीबोळ, चहाची दुकानं आहेतच. तटबंदीवर मात्र ताईंना नेऊ नका, वर जायला पायऱ्या आहेत.

नदीकाठ

यॉर्क छानच आहे, पण रेडिंगहून जायचं म्हणजे लांबचा प्रवास, सामान ओढत. जाता-येता दोन अर्धे दिवस गेले की उरतं काय? शिवाय त्यात भाऊजींसाठी काहीच नाही.

नॉर्थ वेल्स तीन रात्रींत गाडीशिवाय करू नका. फेस्टिनियॉगची छोटी रेल्वे, कॉन्वीचा किल्ला, बॉडनंटची बाग ही सगळी एकेक दिवसाची प्रकरणं आहेत आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला बसची वाट बघत बसावं लागतं. बॉडनंटचा तो पिवळ्या फुलांचा प्रसिद्ध मांडव तर मे-जूनमध्ये फुलतो, सप्टेंबरात नुसती पानं.

बाथ घ्या. तुमच्याकडून गाडी न बदलता साधारण तासाभरात. आणि बाथहून ब्रिस्टल रेल्वेने पाव तासाच्या आत. तुम्हाला जी फाटाफूट करायची आहे ती याच जोडीत सर्वात सोपी.

इंजिनवेडा

नदीकाठ यांच्याशी सहमत. रेडिंग ते बाथ हा प्रवासच तुमच्या मिस्टरांसाठी तीर्थयात्रा आहे. ही सगळी ब्रुनेल या जुन्या काळच्या नामवंत इंजिनियरची लाइन. चिपनम सोडलं की बॉक्स टनेल लागतो, जवळजवळ तीन किलोमीटर, १८४१ साली सुरू झालेला. ब्रुनेलने इथे रूळ सात फूट पाव इंच रुंदीचे टाकले होते. आपला भारतातला ब्रॉड गेज साडेपाच फुटांचा, त्यावरून अंदाज करा. १८९२ साली शेवटचे रुंद रूळ उखडले गेले. वाटेत स्विंडनला जुन्या रेल्वे वर्कशॉपात स्टीम नावाचं म्युझियम आहे, हवं तर येताना उतरा.

ब्रिस्टलला टेंपल मीड्स स्टेशनात उतरल्यावर शेजारची जुनी शेड बघायला सांगा, ब्रुनेलची पहिली. मग बंदरात एसएस ग्रेट ब्रिटन. लोखंडी सांगाडा आणि पंख्यावर चालणारं पहिलं मोठं जहाज, १८४३ साली जिथे बांधून पाण्यात सोडलं त्याच गोदीत आज उभं आहे. १९७० साली फॉकलंड बेटांवरून ओढत आणलं. खाली गोदीत उतरून त्याच्या पोटाखालून चालता येतं, पत्र्याला पडलेली भोकं हाताच्या अंतरावर दिसतात. सोमवारी चालू आहे की बंद, ते मात्र साइटवर बघूनच जा. आणि क्लिफ्टनचा झुलता पूल. तो पुरा झाला १८६४ साली, ब्रुनेल त्याआधी पाच वर्षं गेलेला होता. चालत पलीकडे जायला पैसे पडत नाहीत.

एक अडचण सांगून ठेवतो. वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसायचं असेल तर जवळ बिटनला एव्हन व्हॅली रेल्वे आहे, पण ती मुख्यतः शनिवार-रविवारी. आणि शनिवार-रविवारी बाथमध्ये राहण्याचे भाव बघून तुमची कॉफी थंड होईल.

मूळ धागा टाकणारी

इंजिनवेडा, हा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. आता तो बाथला नको, थेट ब्रिस्टललाच राहू म्हणतोय. हातमागवाला, यॉर्क पुढच्या वर्षी नक्की.

पण भाऊजींचं काय?

गल्ली क्रिकेटर

अहो, भाऊजींचं काय म्हणजे? ब्रिस्टलचं काउंटी ग्राउंड! १९९९चा वर्ल्ड कप आठवा. सचिनचे वडील, आपले प्राध्यापक रमेश तेंडुलकर, १९ मे रोजी गेले. तो मुंबईला येऊन, सगळं आटोपून परत गेला, आणि २३ मे रोजी याच मैदानावर केनियाविरुद्ध नाबाद १४०. शतक झाल्यावर वर आकाशाकडे बघितलं ते इथे. त्याच डावात द्रविडही नाबाद १०४ होता, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही (द्रविडचं नेहमीचंच).

आणि तिथून पुढे रेल्वेने टाँटन. सॉमरसेटचं मैदान. त्याच वर्ल्ड कपात २६ मे रोजी गांगुली १८३, द्रविड १४५, श्रीलंकेची धुलाई. सुनील गावसकरही १९८० साली सॉमरसेटकडून खेळलेत. भाऊजींचं वय काय ते माहीत नाही, पण नाशिककर असतील तर हे तोंडपाठ असणार.

काउंटी सीझन सप्टेंबरअखेर संपतो. दोन्ही मैदानांचं वेळापत्रक आजच उघडा आणि चार दिवसांची मॅच असेल असे दिवस धरा. मॅच नसली की कुलूप बघून परतावं लागेल. मॅच असली की डबा घेऊन दिवसभर उन्हात बसायचं, म्हातारे इंग्रज वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात, कुणी घाई करत नाही. ब्रिस्टलच्या मैदानाजवळ २०२४ साली ॲशली डाउन नावाचं नवं स्टेशनही झालंय, टेंपल मीड्सहून तिथे गाडी जाते.

मूळ धागा टाकणारी

भाऊजींना व्हॉट्सॲप केला. नाशिकमध्ये रात्रीचे साडेअकरा वाजले होते तरी दोन मिनिटांत उत्तर आलं: "तिकिटं काढून टाक."

शांतारामबापू

सर्वांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण एक विचारतो. बहीण एवढ्या लांबून येणार, आणि तुम्ही चौघांना चार दिशांना पाठवायचं नियोजन करताय? आम्ही जोडीनं जायचो तेव्हा मला नको ते मी बघितलं, तिला नको ते तिने बघितलं. त्यालाच सहल म्हणायचे.

मूळ धागा टाकणारी

बापू, मुद्दा कळला. पण आमच्यात नको ते बघणारं माणूस नेहमी एकच असतं, आणि ती ताई. तिला एक दिवस तरी घड्याळाकडे न बघता हिंडू दे इतकंच मनात आहे. संध्याकाळी सगळे एकत्रच आहोत की.

बाथकर

मी बाथमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून दोन शब्द. शांतारामबापूंना आणि तुम्हाला, दोघांनाही पटेल अशी एक जागा आहे: सिडनी गार्डन्स. पुल्टनी पुलावरून सरळ ग्रेट पुल्टनी स्ट्रीटने चालत गेलात की रस्त्याच्या टोकाला. सगळा रस्ता सपाट, ताईंच्या गुडघ्यांना काही होणार नाही. बागेच्या तोंडाशीच हॉलबर्न म्युझियम, त्यात पोर्सेलीन आणि चांदीची भांडी, आणि एवढं मोठं नाही की दमायला होईल. मागे बाग १७९५ सालची. आणि त्या बागेच्या मधोमध ब्रुनेलने रेल्वे नेलीय! बुटक्या दगडी कठड्याशी उभं राहिलं की लंडनची गाडी पुढ्यातून धडधडत जाते. शेजारून कॅनॉलही जातो, त्यावर जुने बिडाचे पूल. ताई बागेत, मिस्टर कठड्याशी, तुम्ही म्युझियमच्या कॅफेत. हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर तिघं. पहिल्या संध्याकाळी हेच करा.

रोमन बाथ्स बघाच, पण तिथे डुंबता येत नाही हे ताईंना आधी सांगा, बऱ्याच लोकांची निराशा होते. झऱ्याचं पाणी ४६ अंशांचं, हिरवंगार, वाफ निघत असते. वरचे खांब आणि पुतळे रोमन नाहीत, व्हिक्टोरियन काळातले आहेत. खालचं तळं खरं. तिकीट शनिवार-रविवारी महाग. डुंबायचं तर थर्मी स्पा, त्याच झऱ्यांचं पाणी, गच्चीवर तलाव. अंधार पडायच्या सुमाराला जा. पोहण्याचा पोशाख लागतो, नुसतं काठावर पाय सोडून बसायचं तिकीट नसतं.

प्रायर पार्कची बाग सुंदर आहे पण चढावर आहे आणि आतही उतार-चढ. ताईंसाठी नको.

मुक्काम बाथलाच करा असं मी म्हणेन. ब्रिस्टल स्वस्त पडतं हे खरं, पण दिवसाचे प्रवासी परत गेल्यावर संध्याकाळी बाथ जे होतं, ते राहणाऱ्यालाच मिळतं. रविवार ते बुधवार घ्या, भाव बरे असतात.

हिशेबनीस

रेलकार्डाचं कुणीच बोललं नाही म्हणून. टू टुगेदर ३५ पौंडांचं, वर्षभर चालतं, दोघांना एक तृतीयांश सूट. पण कार्डावर ज्या दोघांची नावं, त्याच दोघांनी एकत्र प्रवास करायचा, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत चालत नाही. म्हणजे तुम्ही नवरा-बायकोच्या नावाने काढलंत आणि तुमची फाटाफूट झाली की कार्ड खिशातच.

आता गंमत अशी, की ते दोघं नवरा-बायकोच असले पाहिजेत अशी अट कुठेही नाही. तुमच्या बेताप्रमाणे एक कार्ड साडू-साडूंचं आणि एक बहिणी-बहिणींचं काढायला हवं. चौघं बरोबर असाल तेव्हाही दोन्ही चालतात.

पण त्याआधी ग्रुपसेव्ह बघा. तीन ते नऊ जण एकत्र असले की ऑफ-पीक, म्हणजे गर्दीची वेळ सोडून, तिकिटावर तेवढीच सूट, कार्ड लागतच नाही. रेडिंग-बाथ जाता-येता ते वापरा. मधल्या बाथ-ब्रिस्टल फेऱ्या तशाही स्वस्त. ताई-भाऊजी महिनाभरात आणखी हिंडणार असतील तरच कार्डाचे पैसे वसूल होतील.

इंजिनवेडा

साडू-साडूंचं रेलकार्ड! फोटो काढून फ्रेम करा.

कोथिंबीर

ब्रिस्टलला जाणारच आहात तर आर्नोस वेल स्मशानभूमी चुकवू नका. राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टललाच वारले, त्यांची समाधी तिथे आहे. इंग्लंडच्या ओल्या हिरवळीत अचानक आपल्याकडच्यासारखी दगडी छत्री दिसते. टेंपल मीड्सहून चालत अर्ध्या तासाच्या आत. गावात कॉलेज ग्रीनवर पुतळाही आहे, चालायचं नसेल तर तेवढा तरी बघा.

खाण्याचं: बाथमध्ये सॅली लनचा बन प्रसिद्ध, पण ताईंना देण्याआधी अंडं आहे का विचारा. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर रात्रीची चिंता मिटेल.

मूळ धागा टाकणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सध्याचा बेत असा: रविवारी दुपारी बाथ, संध्याकाळी सिडनी गार्डन्स. सोमवारी चौघं रोमन बाथ्स, मग मी आणि ताई स्पाला. ताई गच्चीवर यायला तयार झालीय, पोहण्याचा पोशाख मात्र "तूच आण, मी नाशकात विचारणार नाही" म्हणाली. मंगळवारी साडू मंडळी ब्रिस्टलला. मॅच असेल तर मैदान, नसेल तर भाऊजींना जहाजाच्या पोटाखाली जावं लागेल, तसं नवऱ्याने लेखी घेतलंय. आम्ही दोघी त्या दिवशी कुठेही नाही, नुसत्या हिंडणार. बुधवारी समाधी बघून घरी. बापू, समाधीला चौघं एकत्र जाणार आहोत, बरं का.

आता एकच उरलं. स्टेशनपासून सपाटीवर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं घर कुठल्या भागात बघू?

बाथकर

लॅन्सडाउनकडे बघू नका, सगळा चढ आहे. स्टेशनच्या मागे नदी ओलांडली की विडकम, त्याचा खालचा भाग. ते मिळालं नाही तर ओल्डफील्ड पार्क, तिथे स्वतःचं छोटं स्टेशन आहे आणि ब्रिस्टलच्या काही गाड्या थांबतात. घर घेताना किती पायऱ्या आहेत ते मालकाला विचारा, इथली बरीच घरं तळघरात किंवा तिसऱ्या मजल्यावर असतात आणि फोटोत ते दिसत नाही.