सातवीची सहल नागपूरच्या जुन्या सरकारी इमारती पाहायला न्यावी का?

गुरुजी, चिमूर तालुका
पालकसभेत मी विधानभवन, हायकोर्ट आणि शून्य मैलाचा दगड अशी सहल सुचवली. काही पालक म्हणाले, इंग्रजांच्या कचेऱ्या कशाला, सेवाग्राम दाखवा. सेवाग्राम दाखवूच. पण १८६१ पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. आपला शेतसारा, जंगल, शाळा, सगळ्याचा निकाल १९५६ पर्यंत तिथेच लागायचा. पोरांनी ती जागा पाहायला नको?

पऱ्हाटीवाला, राळेगाव
गुरुजी, राग मानू नका. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतलं, ते इथल्या कापसावर डोळा ठेवून. १९०३ मध्ये आम्हाले मध्य प्रांताले जोडलं, आम्हाले कोणी इचारलं नाही. वसुलीच्या पैशातल्या त्या भिंतीपुढे पोट्ट्याईनं काऊन वा वा करायची? एसटीच्या भाड्यात गावात अभ्यासिकेसाठी पुस्तकं येतील.

साकोलीची ताई
दादा, वसुली आपल्या आजोबा-पणजोबांची, मग इमारत परकी कशी? हायकोर्टाची पायाभरणी १९३७ ची, उद्घाटन १९४० चं. वास्तुकार हेन्री मेड, नवी दिल्लीच्या बांधकामात काम केलेला. वालुकाश्माच्या त्या इमारतीवरचा घुमट पाहिला की कळतं, सरकारला आपला दरारा दगडात दाखवायचा होता. नागपूरच्या मे महिन्यात जाड भिंतींचा आडोसा काय असतो, तेही पोरांना तिथे उभं राहूनच कळेल. नव्या तहसील कार्यालयात पंखा बंद पडला की दहा मिनिटं बसवत नाही.

पऱ्हाटीवाला, राळेगाव
दरारा दाखवायले बांधलेली वास्तू आपण वारसा म्हणून मिरवायची, हेच मले पटत नाही, ताई.

गोंदियाकडचा एक वाचक
मला दोघांचंही अर्धंच पटतं. विधानभवनाचं बांधकाम १९१२ ते १९१४ चं. पण आमच्यासाठी त्याचा इतिहास त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा आहे. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन चालू, अनुसूचित जमातीत समावेश मागायला निघालेला गोवारींचा मोर्चा अडवला गेला, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. बहुतेक बाया आणि लेकरं. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. गुरुजी, घुमट दाखवा, पण हेही सांगा.

गुरुजी, चिमूर तालुका
भाऊ, हे सांगितल्याशिवाय सहल निघणार नाही. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं, हे १९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून तर मोर्चे तिथे येतात. तो करार काय होता, हेही पोरांना त्याच भिंतीसमोर सांगायचं आहे. पऱ्हाटीवाले दादा, तुमचा मुद्दाही सांगीन: सारा कोणाचा, हुकूम कोणाचा.

पऱ्हाटीवाला, राळेगाव
सांगा. पण पैसे पालकाईकडून घेऊ नका. यंदा बोंडअळीनं कंबरडं मोडलं हाय.