मुगाचे शेंडे पिवळे पडतायत, फवारणीने जाईल का?

प्रश्न (रानवाट): मूग अजून महिन्याचाही नाही झाला आणि शेंड्याच्या पानांवर पिवळे ठिपके आलेत, आधी बारीक होते आता काही झाडांचे शेंडे अख्खे पिवळेधमक झालेत. सगळं रान नाही, मधेमधे एखादं झाड. एक जण म्हणतो बुरशीनाशक मार, दुसरा म्हणतो लोह कमी पडलंय. बाजूच्या पट्ट्यात चवळी आहे, तिचीही पानं आकसून खडबडीत झालीत. जाणकारांनी सांगा प्लीज.

पीकवेडा: दादा बुरशीनाशकावर खर्च करू नका, हा पिवळा मोझॅक म्हणजे व्हायरस वाटतोय. लोह कमी असलं की शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो आणि पट्टाच्या पट्टा तसा दिसतो. तुमच्याकडे वेडेवाकडे हिरवे-पिवळे चट्टे असतील तर मोझॅकच. सकाळी ऊन चढायच्या आत शेंड्याचं पान हळूच उलटं करून बघा, हा व्हायरस पसरवणारी पांढरी माशी बसलेली दिसेल, खालच्या जुन्या पानांमागे तिची चपटी पिल्लं चिकटलेली असतात. लागण झालेलं झाड कशानेच बरं होत नाही, ते उपटून पुरून टाका. नुसतं बांधावर टाकलं तर माशी तिथून उठून परत पिकात येते.

माळरान: वरचं बरोबर आहे, त्यात एक भर. पांढऱ्या माशीच्या अंगात हा व्हायरस एकदा शिरला की बरेच दिवस टिकतो, म्हणून आत्ताच माशी आटोक्यात आणली तर राहिलेली चांगली झाडं वाचतात. फवारा पानाच्या मागून बसला पाहिजे. 5 टक्के निंबोळी अर्क सुरुवातीला चालतो, रासायनिक घ्यायचं तर लेबलवर तुमचं पीक आणि पांढरी माशी आहे का ते बघूनच घ्या आणि दरवेळी त्याच गटातलं, म्हणजे एकाच पद्धतीने काम करणारं औषध नको. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं सतत मारली तर माशीला खाणारे मित्रकीटक मरतात आणि माशी उलट वाढते, हे फार बघायला मिळतं हो. पुढच्या वेळी मोझॅकला प्रतिकारक वाण आणि बीजप्रक्रिया (पेरायच्या आधी बियाण्याला औषध चोळणं), खरा फरक तिथेच पडतो, फवारणीच्या आधी.

रानवाट: धन्यवाद दोघांनाही. माशी आहेच, पान उलटल्याबरोबर उडाली. मग चवळीवर पण तेच मारू का?

माळरान: आधी चवळीचे कोवळे शेंडे बघा, मावा (रस शोषणारी बारीक कीड) असेल तर गणित वेगळं आहे. माव्याने पसरणारे बरेचसे मोझॅक त्याच्या तोंडाला लागून जातात, एका झाडावर क्षणभर सोंड टोचली की दुसऱ्यावर लगेच लागण, कीटकनाशकाने मावा मरायच्या आत काम झालेलं असतं. तिथे रोगट झाडं लवकर काढणं आणि तण साफ ठेवणं हेच जास्त कामाचं.

पीकवेडा: आणि त्या चवळीचं बी घरी ठेवू नका. माव्याने येणारे काही व्हायरस बियातूनही येतात, मग पुढच्या पेऱ्यात उगवतानाच रोगट रोपं निघतात आणि मावा तिथूनच पसरवायला सुरुवात करतो. बियाणं खात्रीच्या, निरोगी प्लॉटमधलंच घ्या.