अनुभव धागा : दक्षिणेची सहल – देवळं सोडून काय आठवतं?

पारिजातक
आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका टूरवाल्यांचं पत्रक आलं. ‘दक्षिण वारसा दर्शन. बदामी, हंपी, बेलूर-हळेबीड, श्रवणबेळगोळ, तंजावर, महाबलीपुरम. शुद्ध शाकाहारी महाराष्ट्रीय जेवण.’ ती शेवटची ओळ वाचली आणि आमची सहल जशीच्या तशी आठवली. सासूबाई, दोन्ही मुलं, मुलांचे बाबा आणि बसच्या डिकीत गॅसच्या टाक्या, परात, झारे घेऊन आलेला महाराज. कुंभकोणममध्ये अख्खं गाव केळीच्या पानावर जेवत होतं आणि आम्ही लॉजच्या गच्चीवर श्रीखंड-पुरी. थोरला अजून ऐकवतो, “आई, मी तमिळनाडूत जाऊन इडली न खाता आलोय.”

तोवर मुलं देवळांना जाम कंटाळली होती. बस थांबली की “अजून एक?” हाच प्रश्न. दारासुरमला (ऐरावतेश्वराचं देऊळ, तंजावरच्या मानाने लहान, गर्दी नाही) तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने धाकट्याला हात धरून एका कोरीवकामापाशी नेलं. बैल आणि हत्ती, दोघांत डोकं एकच. तळहाताने एक बाजू झाकली की हत्ती, दुसरी झाकली की बैल. भाषा काही कळत नव्हती, पण पोरगं तिथून हलेना. पुढे प्रत्येक देवळात तो खांबांवर ‘लपलेले’ प्राणी शोधत फिरला आणि बसमध्ये चढायला आम्हालाच त्याला ओढावं लागलं.

कुठल्या राजाने काय बांधलं हे सगळीकडे मिळतं. तुम्हाला काय आठवतं ते लिहा. खाणं, पाय, माकडं, भांडणं, काहीही चालेल.

मीनल_डोंबिवली
हंपी!!! कुकर लावलाय, येते परत.

निवांत
महाराज म्हणजे अगदी अगदी. आमच्याकडे बेलूरला बटाटेवडे होते. गाइड बिचारा चेन्नकेशवाच्या मदनिका दाखवतोय, दगड आधी मऊ असतो, मग हवेने टणक होतो वगैरे रंगवून सांगतोय, आणि मागून एक काका, “वडे गार होतायत हो!” देऊळ १११७ सालचं. ते नऊशे वर्षं थांबलंय, आणखी पाच मिनिटं थांबलं असतं. वडे थांबत नाहीत.

खडूस_आजोबा
तंजावरला टूरवाले दीड तास देतात. त्यात पाऊण तास ‘या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही’ ऐकण्यात जातो. पडते. मी उभा राहून पाहिली आहे. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास दोनशे फुटांहून उंच विमान (गाभाऱ्यावरचं शिखर) उभं केलं, एवढं पुरेसं नाही का? वर जादू कशाला हवी?

पण बहुतेक मराठी माणसं तिथे जाऊन एक गोष्ट न बघता परततात, म्हणून लिहितो. त्याच देवळाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, प्राकाराच्या (आवाराच्या) भिंतीवर मराठी शिलालेख आहे. देवनागरीत. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास भिंतच्या भिंत कोरून घेतला. खाली चोळांचे तमिळ लेख आणि इथे आपली अक्षरं. मी बोट न लावता अंतरावरून ओळी वाचत चाललो होतो, तर मागे एक तमिळ कुटुंब उभं राहिलं. त्यांना वाटलं मी पुजारी आहे, मंत्र म्हणतोय. बाईंनी नमस्कार केला. मीही आशीर्वाद देऊन टाकला.

व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे मराठ्यांचं राज्य होतं. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, मराठी नाटकं आहेत, सरफोजींनी डोळ्यांचे आजार तपासून ठेवलेल्या नोंदी आहेत. माझ्या बसमधले निम्मे लोक तेव्हा बाहेर तंजावरी बाहुल्या घेत होते. मान हलवणाऱ्या.

निवांत
आजोबा, ती बाहुली आमच्या टीव्हीवर आहे. ही म्हणते माझ्यासारखीच ‘हो हो’ करते.

चेन्नईतली_चिमणी
नोकरीमुळे बरीच वर्षं इथेच. आमच्या मजल्यावर एक तंजावरी मराठी मामी राहायच्या. पहिल्या दिवशी मी दारात आईशी फोनवर बोलत होते, तर या बाहेर येऊन उभ्या. फोन संपेपर्यंत हलल्या नाहीत. मग त्यांच्या मराठीत विचारपूस सुरू. हेल पूर्ण तमिळ, पण शब्द असे की माझ्या पणजीच्या तोंडी असावेत. त्यांच्या घरातल्या कुणीच महाराष्ट्र पाहिलेला नाही, पिढ्यान् पिढ्या. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “तिकडे सगळे मराठीच बोलतात? भाजीवालासुद्धा?” काय उत्तर देणार :)

त्यांच्याबरोबरच तंजावरला गेले होते. मोठ्या देवळात त्या माझ्यापेक्षा भराभर चालत. कुंभकोणमची डिग्री कॉफी पितळी डबरा-टंबलरमध्ये (वाटी-पेल्यात) वरून खाली ओतून कशी गार करायची तेही त्यांनीच शिकवलं. माझी निम्मी साडीवर.

लसूणचटणी
सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं ना? तंजावरलाच झालं म्हणे पहिल्यांदा. आमसूल संपलं म्हणून चिंच घातली.

खडूस_आजोबा
गोष्ट चवदार आहे. समकालीन पुरावा दाखवा, मग बोलू.

लसूणचटणी
पुरावा नाही, पण आमच्याकडे आमसूल संपलं की मीही चिंच घालते.

चेन्नईतली_चिमणी
मामींना विचारलं होतं मी. म्हणाल्या, कुणी का केलं असेना, पण तुम्ही पुण्याचे लोक त्यात गूळ घालता ते पहिलं बंद करा.

घाटवाट
जिंजी कुणीच कसं लिहीत नाही? कुठल्याच टूरवाल्याच्या यादीत नसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले यादीत घेतले, त्यात अकरा महाराष्ट्रातले आणि एक जिंजी. आता तरी घालतील बहुतेक.

आम्ही मित्र तिरुवण्णामलैहून गेलो होतो. तीन डोंगर, मधून तटबंदी. राजगिरीवर सकाळी लवकर चढायला लागायचं, दुपारनंतर वर सोडत नाहीत. ग्रॅनाइटचे नुसते गोल धोंडे, सह्याद्रीसारखा कातळ नाही, सावली नाही. माथ्याजवळ कड्यात एक खोल भेग आहे, तिच्यावर पूल. पूल काढून घेतला की वाट संपली. तिथे उभं राहिल्यावर कळलं की औरंगजेबाच्या फौजेला हा किल्ला घ्यायला १६९० पासून १६९८ पर्यंत का लागलं. आणि किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटले होते.

मजा खालच्या टपरीवर. आम्ही आपले राजाराम राजाराम करतोय आणि चहावाला सांगतोय देसिंगु राजाची गोष्ट. हा जिंजीचा तरुण बुंदेला राजा, १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना पडला. तिथल्या लोकांचा किल्ला म्हणजे त्याचा किल्ला, त्याची गाणी आहेत, त्याचा घोडा आहे. आमचा एक मित्र चिडला, “यांना आपला इतिहासच माहीत नाही.” मी म्हटलं, तुला देसिंगु माहीत होता का? परतीच्या बसमध्ये तो माझ्याशी बोलला नाही.

पारिजातक
घाटवाट, हे भारी आहे. मित्र बोलायला लागला का नंतर?

घाटवाट
तिंडिवनमला बिर्याणी दिसल्यावर लागला.

सोलापूरकर
आमचं कुलदैवत बदामीची बनशंकरी, त्यामुळे आम्हाला बदामी म्हणजे ‘टूर’ नाही, नवस फेडायला जायची जागा. सोलापूर-गदग मार्गावरच आहे. लहानपणी लेणी बघितली ती केवळ आई-काकूंची ओटी भरून होईपर्यंत वेळ घालवायला. माकडांनी माझ्या हातातलं नारळाचं भकल पळवलं ते पहिल्या लेण्याच्या पायऱ्यांवर.

बनशंकरीच्या आवारात बायका डोक्यावर बुट्टी घेऊन फिरतात. आत ज्वारीच्या भाकऱ्या, मडक्यात दही, झुणका, भरली वांगी, शेंगाचटणी. तिथेच बसायचं नि खायचं. माझ्या मते संपूर्ण दक्षिण भारतातलं सर्वांत चांगलं जेवण. महाराजवाल्यांनी नोंद घ्यावी.

मोठा झाल्यावर वडिलांबरोबर ऐहोळेला मेगुटीच्या टेकडीवर गेलो. तिथला रवीकीर्तीचा लेख ६३४ सालचा, दुसऱ्या पुलकेशीचा. त्यात तीन महाराष्ट्रकं आणि त्यांतली ९९,००० गावं असा उल्लेख आहे. वडील तलाठी होते. दगडासमोर उभं राहून म्हणाले, “नव्व्याण्णव हजार गावांचे सातबारे कुणी ठेवले असतील रे?”

निवांत
साष्टांग _/\_ वडिलांना.

मीनल_डोंबिवली
आले. मुलांची जेवणं झाली.

आम्ही हंपीला आजीला घेऊन गेलो होतो. माझी आजी वारकरी, गळ्यात माळ, गुडघे दुखतात पण बोलायची नाही. हेमकूट, विरूपाक्ष, साडेसहा मीटरचा नरसिंह, सगळं तिने ‘बरंय’ म्हणून बघितलं. तिला फक्त एका गोष्टीची ओढ, आम्हीच सांगून ठेवलं होतं ना, तिथे विठ्ठलाचं देऊळ आहे. फाटकापासून बॅटरीच्या गाडीतून नेतात, गाडी चालवणारी गावातलीच मुलगी, आजीला तिचंच कौतुक.

आत गेलो तर दगडी रथापुढे ही रांग. पन्नासची नोट हातात धरून नोटेवरचा रथ आणि समोरचा रथ एकाच फोटोत घ्यायचा प्रयत्न चाललेला. सुरांच्या खांबांना हात लावू देत नाहीत. आजीने रथाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आत, गाभाऱ्याकडे. मी मागे धावले कारण आत काय आहे ते मला माहीत होतं. काही नाही. रिकामा, अंधारा गाभारा, वटवाघळांचा वास.

मला वाटलं आता ही रडणार. आजी थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “नसणारच. भानुदासांनी नेला नाही का परत.” (एकनाथांचे पणजोबा. कृष्णदेवरायाने मूर्ती हंपीला आणली आणि भानुदासांनी ती पंढरीला नेली अशी कथा आहे.) पदराने उंबरा पुसला, तिथेच बसली. इकडेतिकडे बघितलं, त्या पडक्या ओवऱ्या, तुटलेले हत्ती-घोडे. “एवढं मोठं घर, पण माणूस कुठाय? बरं केलं नेला ते.” आणि मग मला म्हणे, चहा मिळतो का इथे.

पारिजातक
मीनल... आजीला नमस्कार सांग.

खडूस_आजोबा
छान लिहिलंत. फक्त एक, तालिकोटची लढाई १५६५ ची, विजयनगर, म्हणजे आजची हंपी, उजाड झालं ते त्यानंतर. भानुदासांच्या काळात तिथे माणसंच माणसं होती. आणि पंढरपुरातलं दैवत त्याआधीपासूनचं आहे, होयसळ सोमेश्वराचा १२३७ चा लेख तिथेच आहे. मूर्ती नेण्या-आणण्याची गोष्ट कथा म्हणूनच घ्यावी.

मीनल_डोंबिवली
आजोबा, नंबर देते, तुम्हीच सांगा आजीला.

खडूस_आजोबा
नको. मी घाबरतो.

भटकभवानी
श्रवणबेळगोळ! सहाशेच्या वर पायऱ्या, त्याही अनवाणी, तासलेल्या ग्रॅनाइटवर, आणि आमच्या बसने पोचवलं दुपारी बारा वाजता. खाली मोजे विकायला बसतात ते लोक तुम्हाला लुबाडत नाहीयेत, तुमच्यावर उपकार करतायत. घ्या. माझ्या जाऊबाईंनी घेतले नाहीत, अर्ध्यातून उड्या मारत चढल्या. वर गोमटेश्वर ५७ फूट, एका दगडातला, इतका शांत चेहरा, आणि खाली आम्ही सगळ्या तळवे चोळत बसलेल्या. पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ कोरलंय ते बघितलं. मराठीतला पहिला शिलालेख ना तो? शाळेत होता.

घाटवाट
अलिबागजवळच्या अक्षीचा धरतात ना आता? शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२.

खडूस_आजोबा
वाद आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. पण शेजारच्या ओळीत गंगराजाने ‘सुत्तालें’ म्हणजे भोवतीच्या ओवऱ्या करवल्याचं आहे आणि तो बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी एकदमच कोरल्या असतील तर अक्षी आधीचा ठरतो.

भटकभवानी
जाऊबाईंना सांगते. तेवढ्यासाठी त्यांचे पाय भाजले होते.

लसूणचटणी
सोलापूरकर, ती शेंगाचटणी कुटतात का मिक्सरला? आणि लसूण सालासकट?

सोलापूरकर
उखळात. लसूण सोलून, शेंगदाणे खमंग भाजून, तिखट, मीठ, जिरं. तेल सुटेपर्यंत कुटायची. मिक्सरला पूड होते, चटणी होत नाही.

प्राजक्ता_के
चार वर्षांच्या मुलीला घेऊन जानेवारीत हंपी-बदामी जमेल का? कोल्हापूरहून. ऊन फार असतं का तेव्हा?

मीनल_डोंबिवली
जमेल. सकाळ-संध्याकाळ फिरा, दुपारी झोपा. टोपल्यासारख्या गोल होडीत तिला मजा येईल, पण नदीला पाणी किती आहे ते आधी विचारा.

सोलापूरकर
कोल्हापूरहून हरिप्रिया एक्सप्रेस पकडा, होसपेटला उतरा. तिथून हंपी जवळच. पौष पौर्णिमेला बनशंकरीची जत्रा असते, त्या दिवसांत बदामीत खोली मिळत नाही. आधी तारीख बघा.

प्राजक्ता_के
धन्यवाद! म्हणजे जत्रा टाळू का?

सोलापूरकर
टाळू नका. खोली गदगला घ्या.